आमच्या गोष्टी आमच्या गावात परत द्या

प्रति,
गोव्यातील आदिवासी लोककला आणि लोकसाहित्य यांविषयी निर्णय घेणारे अधिकारी, अकादम्यांचे पदाधिकारी, महोत्सवांचे संयोजक आणि आमच्या वाड्यांवर ध्वनिमुद्रणासाठी येणारे संशोधक यांस,

स. न. वि. वि.

आमच्या वाड्यावरच्या बायकांना यंदा एका महोत्सवाचे बोलावणे आले. सोबत अटी होत्या. धालो, म्हणजे आमच्या बायकांचा गाण्यांसह नाच, आठ मिनिटांत आटोपायचा, सर्वांनी एका रंगाच्या साड्या नेसायच्या, सुरुवातीचे नमन गाळायचे, आणि दोन गाण्यांच्या मध्ये म्हाताऱ्या बायका जे सांगतात ती "मधली बडबड" ठेवायची नाही. बायकांनी आपसांत विचार केला आणि नकार दिला. तो कळवायचे काम माझ्याकडे आले, त्यामुळे पलीकडचे उत्तरही मलाच ऐकावे लागले: "तुम्ही नाही आलात तर दुसरे पथक मिळेल."

त्या उत्तरामुळे हे पत्र लिहीत आहे. फोनवरच्या त्या माणसावर माझा राग नाही, त्याला नेमून दिलेले काम तो करत होता. पण आमचे नाचणे ठेवायचे आणि सांगणे कापायचे, हा विचार वरपासून खालपर्यंत मुरला आहे. त्यावर गप्प राहणे मला जमत नाही.

मी धारबांदोडा तालुक्यातली, गावडा समाजातली. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. गावडा, कुणबी आणि वेळीप या तीन समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. २०११ च्या जनगणनेत गोव्यातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या १,४९,२७५ भरली, म्हणजे साधारण दर दहा गोवेकरांमागे एक जण. आमच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, १९२८ च्या शुद्धीकरणात ख्रिस्ती धर्मातून पुन्हा हिंदू झालेले, नवहिंदू म्हणून ओळखले गेलेलेही आहेत. देव बदलले, लग्नाचे विधी बदलले, तरी गाण्यांच्या चाली आणि गोष्टींतली माणसे पुष्कळदा तीच राहिली. यातले फार थोडे कागदावर आहे. बाकी सगळे सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडी आहे, आणि ती माणसे एकेक करून जात आहेत.

तुम्ही ज्याला बडबड म्हणता ते काय असते, ते आधी सांगते. आमच्याकडे पौष महिन्यात रात्रीची जेवणे उरकली की बायका मांडावर, म्हणजे धालोच्या ठरलेल्या अंगणात, जमतात. दिवा लागतो, नारळ ठेवला जातो, धरतरीला आणि गावच्या देवांना हाक दिली जाते. मग दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. शेजारणीच्या कमरेला हाताचा विळखा घालून, वाकत वाकत, एक रांग पुढे येते आणि दुसरी मागे सरते. एका रांगेने गायचे, दुसरीने झेलायचे. सीतेचा वनवास येतो, माहेरची वाट येते, रानातली देवी येते. गाणे थांबले की जाणती बाई सांगू लागते: हे गाणे कोणी आणले, यातली भावजय कोणत्या गावची, हा ओहोळ आपल्याकडचा की डोंगरापलीकडचा, हे गाणे अमक्या घरात मरण झाले असेल तर त्या वर्षी का म्हणत नाहीत. पोरी तिथेच बसून ऐकतात. गाणे पाठ व्हायला दोन रात्री पुरतात. ते कुठे म्हणायचे आणि कुठे गिळायचे हे कळायला अशी कितीतरी वर्षे ऐकावे लागते.

आता हे व्यासपीठावर न्या. पाहुणे समोर बसलेले, त्यामुळे एका रांगेची पाठ त्यांच्याकडे होते. ते बरे दिसत नाही म्हणून दोन्ही रांगांना अर्धवर्तुळात, प्रेक्षकांकडे तोंड करून उभे करतात. झेलणारी रांगच उरली नाही, तर गाणे कोणासाठी गायचे? बायकांना एकमेकींचे ओठ दिसत नाहीत, वाकण्याचा मेळ चुकतो, मग निवेदक टाळ्यांचा ठेका धरायला सांगतो. पणजीत टाळ्या खूप पडतात. बायका बसमधून घरी परततात त्या मात्र अवघडून गेलेल्या असतात. नव्या पोरींना वाटू लागते की धालो म्हणजे हेच, आठ मिनिटांचे. पुढच्या पौषात त्या आजीला विचारतात, "नमन केलेच पाहिजे का?" हे माझ्या कानांनी ऐकले आहे.

लोकोत्सव भरवू नका, असे माझे म्हणणे नाही. त्यातून चार पैसे मिळतात, बायका घराबाहेर पडतात, शहरातल्या लोकांना आम्ही दिसतो. फक्त त्यालाच जतन म्हणू नका.

दुसरी तक्रार ध्वनिमुद्रणाची. हिच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण नुकसान इथे सर्वांत मोठे आहे आणि ते कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

माझ्या आजेसासूला गोष्टी येत. पावसाळ्यात, वीज गेलेल्या रात्री, चुलीच्या निखाऱ्यात फणसाची बिकणं भाजत ती सांगे. ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा ही तिची अट होती. हुंकार थांबला की ती थांबे. पोरे झोपली असे समजून गोष्ट तिथेच मोडून ठेवी आणि दुसऱ्या रात्री तिथूनच उचली. दिवसा ती कधीच सांगत नसे. दिवसा गोष्ट सांगितली तर रानात गेलेला माणूस वाट चुकतो, असे ती मानत होती.

एका संस्थेचे लोक तिच्याकडे आले ते सकाळी. तिने आपली अडचण सांगितली. कॅमेऱ्याला उजेड लागतो, असे उत्तर मिळाले. पाहुण्यांना रिकाम्या हाती कसे पाठवायचे म्हणून ती तयार झाली. पंखा बंद केला, कोंबड्या हाकलल्या, आम्हाला तोंडावर बोट ठेवून गप्प बसायला सांगितले. ती बोलू लागली. हुंकार द्यायला कोणी नाही. दोन वाक्ये झाली की ती थांबून आमच्याकडे बघे आणि विचारी, "ऐकता मगो?" आम्ही नुसत्या माना हलवत होतो. जी गोष्ट दोन रात्री चालायची ती चहा निवायच्या आत संपली. नंतर इंग्रजीत छापलेल्या एका कागदावर तिचा अंगठा घेतला. त्यात काय लिहिले आहे ते तिला कोणी वाचून दाखवले नाही. "तुम्हाला एक प्रत पाठवू" असे सांगून ते गेले.

आजेसासू आता नाही. तिची पतवंडे तिचा आवाज मागतात. मी त्या संस्थेकडे विचारणा केली तेव्हा कळले की ही सामग्री संस्थेच्या मालकीची आहे, ती ऐकायची असेल तर अर्ज करावा आणि अर्जात संशोधनाचा हेतू लिहावा. पतवंडांना पणजीचा आवाज ऐकायचा आहे, यापलीकडे कोणता हेतू मी लिहू?

ही एका घरची गोष्ट नाही. गेल्या काही दशकांत आमच्या वाड्यांवरून कॅसेट भरून नेल्या, मग सीडी नेल्या, आता मोबाइलवर चित्रफिती नेतात. त्यांवर प्रबंध झाले, पुस्तके झाली, काहींना पुरस्कारही मिळाले. ज्यांनी ही कामे मनापासून केली त्यांच्याविषयी मला आदर आहे. त्यांच्यामुळेच काही गाणी आज शिल्लक आहेत. पण गावात परत काय आले? आमच्या पंचायतीत, आमच्या शाळेत, आमच्या मांडावर त्यातली एकही ध्वनिफीत नाही.

कायदा याबाबत मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ३८ वे कलम गाणाऱ्याला आणि सादर करणाऱ्याला आपल्या सादरीकरणावर हक्क देते, आणि तो ५० वर्षे टिकतो. वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या जतनासाठी युनेस्कोने २००३ मध्ये करार केला आणि भारताने तो २००५ मध्ये स्वीकारला. ज्यांचा वारसा त्यांचा जतनात सहभाग असावा, असे तो करारही सांगतो. मग आमच्या बायकांच्या हाती इंग्रजी कागद का पडतो?

तिसरी गोष्ट मांडाची. मांड ही जागा आहे. ती शेणाने सारवायची असते, तिथे अनवाणी जायचे असते, तिच्या कडेने कोणी कुठे बसायचे हेही ठरलेले असते. काही वाड्यांवर विकास निधीतून मांडावर सिमेंटचे ब्लॉक बसवले गेले, वर पत्र्याची शेड आली. हे करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. पण धालो बायकांचे, मांड त्यांच्या वापरातला, आणि काम ठरवताना त्यांना विचारले जात नाही. ब्लॉकवर सारवण धरत नाही. पायाला खडबडीत लागते, पत्र्याखाली आवाज घुमून दुसऱ्या रांगेला शब्द कळत नाहीत. मग मांड दुचाक्या लावायला उपयोगी पडतो. खाजगी जमिनीत असलेल्या मांडांची स्थिती आणखी नाजूक आहे. जमीन विकली गेली, नव्या मालकाने कुंपण घातले, की धालो कायमचे बंद.

साळावली धरणात कुर्डी गाव गेले. तिथल्या महादेवाचे जुने देऊळ दगड दगड उतरवून दुसऱ्या जागी पुन्हा उभारले गेले. फार चांगले झाले, त्या काळजीला माझा नमस्कार. माणसे वाडे आणि वालकिणीला वसवली गेली. दर मे महिन्यात पाणी ओसरले की जुने कुर्डीकर आपापल्या घरांच्या जोत्यांवर जाऊन उभे राहतात, आणि तिथे त्यांना आठवते: इथे अमके झाड होते, त्याच्याखाली अमके घडले होते. देवळाच्या दगडांसाठी जी काळजी घेतली गेली, ती त्या आठवणींसाठी आजही घेता येईल. ती जोती ओळखणारी पिढी अजून आहे. वेळ मात्र फार नाही.

गोष्टीत नुसती करमणूक असते असे मानणाऱ्यांनी उसगाळीमळला जावे. कुशावतीच्या काठावरची ती कातळचित्रे १९९३ मध्ये अभ्यासकांसमोर आली, ती गावकऱ्यांनी वाट दाखवल्यामुळे. लोकांना ती जागा ठाऊक होती, कारण तिच्याविषयी घरात बोलले जात होते. आमच्या गोष्टींत झरा कुठला आटत नाही ते आहे, कणगां ही कंदमुळे कुठल्या उतारावर खणायची ते आहे, कोणत्या राईत कोयता न्यायचा नाही ते आहे. आणि आमच्या कुमेरीच्या, म्हणजे डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीच्या, जागा कुठून कुठपर्यंत होत्या, तेही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत तेरावा नियम वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन पुरावा म्हणून मान्य करतो. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनची कसवणूक सिद्ध करायची असेल, तर पुष्कळ घरांकडे कागद नाही, म्हातारा आहे. तो गेला की पुरावा गेला. सांगे, केपे, काणकोण, धारबांदोडा इथले दावे वर्षानुवर्षे लोंबकळत असताना या माणसांची निवेदने नीट लिहून आणि ध्वनिमुद्रित करून ठेवणे हे कलेचे काम आहे तसे जमिनीचेही आहे. दोन वेगळ्या खात्यांच्या दोन वेगळ्या फायली असल्या, तरी आमच्याकडे ती एकाच आजोबाच्या तोंडची एकच गोष्ट असते.

मानधनाविषयी थोडक्यात. वृद्ध कलाकारांना मदत मिळते हे खरे. पण अर्जासोबत कार्यक्रमांची प्रमाणपत्रे, छायाचित्रे, वर्तमानपत्रांतली कात्रणे मागितली गेल्याचे मी पाहिले आहे. चुलीपाशी गोष्ट सांगणाऱ्या बाईचे कात्रण कोण काढणार? तिच्यासाठी वाड्याचा शब्द हेच प्रमाणपत्र धरा.

भाषेविषयी मात्र स्पष्ट बोलते. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून, त्याच्याही आधीपासून, कोंकणी आणि मराठीच्या वादात आमची गाणी दोन्ही बाजूंनी साक्षीला ओढली जातात. एक बाजू मराठी शब्द वगळून छापते, दुसरी कोंकणी शब्द सुधारून छापते. धालोच्या गाण्यात एका ओळीत कोंकणी असते आणि पुढच्या ओळीत मराठी, आणि गाणारणीला त्यात काही विचित्र वाटत नाही. मी मराठी शिकवते, मराठीत लिहिते, मराठीवर माझे प्रेम आहे, आणि म्हणूनच सांगते: आमच्या आज्या जसे म्हणाल्या तसेच लिहा. उच्चार सुधारू नका, अडाणी वाटणारा शब्द बदलू नका. कळला नाही तर विचारा, त्या हसत हसत सांगतील.

शाळेबद्दल बोलायचे तर मन भरून येते. पटसंख्या नाही म्हणून वाड्यांवरच्या सरकारी मराठी शाळा बंद होत गेल्या. मुले बसने दूर जातात, संध्याकाळी दमून येतात, मोबाइल घेऊन झोपतात. ज्या वयात हुंकार द्यायचा ते वय बसमध्ये जाते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना शिकण्याची सोय आहे, स्थानिक कारागिरांकडून शिकण्याची मुभा आहे. त्यातले दोन-तीन दिवस गावच्या सांगणाऱ्यांना द्या. माझ्या वर्गात मी एकदा एका आजोबांना गोष्ट सांगायला बोलावले होते. एरवी एका जागी न बसणारा एक मुलगा त्यांच्या पायाशी येऊन बसला आणि घरी जाऊन स्वतःच्या आजीला म्हणाला, "तुका येता काय अशी?" तिला येत होती. घरात कोणी विचारलेच नव्हते.

घुमट २०१९ मध्ये राज्याचे वारसा वाद्य जाहीर झाले. आम्हा सर्वांना आनंद झाला. त्या घुमटावर जे गायले जाते आणि जे गाण्याआधी सांगितले जाते, त्याचीही तेवढीच कदर व्हावी. काणकोणात श्रीस्थळच्या मल्लिकार्जुनाकडे शिशारान्नी होते, तीन पुरुषांची डोकी एकत्र ठेवून, त्यांची चूल करून वर भात शिजवतात. त्याची छायाचित्रे सगळीकडे फिरतात. पण हे का करतात, याविषयी तिथली माणसे काय सांगतात, ते छायाचित्राखाली कधी दोन ओळींपलीकडे जात नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत. "आमच्या" म्हणते, कारण हे पत्र मांडावरच्या बायकांना वाचून दाखवले आहे आणि त्यांनी त्यात भर घातली आहे.

आजवर आदिवासी वाड्यांवर शासकीय पैशातून झालेल्या सर्व ध्वनिमुद्रणांची यादी गाववार जाहीर करा. कोणाचे, कुठे, कधी, आता कुठे ठेवले आहे, एवढे त्यात असावे. त्यांच्या प्रती, मोबाइलवर ऐकता येतील अशा, त्या त्या गावाच्या शाळेला किंवा ग्रंथालयाला द्या. कुटुंबीयांना अर्ज करायला लावू नका.

यापुढे संमतीचा कागद मराठीत किंवा कोंकणीत असावा, तो मोठ्याने वाचून दाखवावा, आणि "हे मुद्रित करू नका" असे सांगण्याचा हक्क त्यात लिहिलेला असावा. काही गाणी मांडाबाहेर जाऊ नयेत असे बायकांना वाटते. ती बाहेर जाऊ नयेत.

गावातल्याच मुलामुलींना ध्वनिमुद्रण शिकवा, यंत्रे द्या, मानधन द्या. ती रात्री घरीच असतात. हुंकारही त्यांनाच देता येतो. पहिल्यांदा ऐंशीच्या वरची माणसे घ्या, मग सत्तरीची. यात धनगरांनाही घ्या. त्यांना अनुसूचित जमातींच्या यादीत जागा मिळेपर्यंत त्यांच्या म्हाताऱ्यांनी थांबायचे का?

मांडांची नोंद गाववार करा. मांडावर कोणतेही बांधकाम करण्याआधी तिथे खेळणाऱ्या बायकांची बैठक घेऊन त्यांची लेखी संमती घ्या.

सांगणाऱ्यांना मानधन वाड्याच्या शिफारशीवर द्या.

महोत्सवात बोलावायचे असेल तर नमनासकट बोलावा, दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतील अशी जागा द्या, प्रेक्षकांना भोवती बसवा. मधले सांगणे कापू नका. एवढा वेळ देता येत नसेल तर बोलावू नका, आम्ही वाईट वाटून घेणार नाही.

या मागण्यांसाठी नवी इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. ध्वनिफितींची यादी जाहीर करणे हे तर कपाटे उघडून करायचे काम आहे. येत्या पौषाआधी ती यादी प्रसिद्ध व्हावी आणि या पत्राला जाहीर उत्तर मिळावे, अशी आमची अपेक्षा आहे. ते उत्तर मी मांडावर वाचून दाखवीन. काही मागणी मान्य नसेल तर कारणासह तसे लिहा, बायका त्यावरही विचार करून उत्तर देतील.

आपली,
धारबांदोडा तालुक्यातील एक प्राथमिक शिक्षिका